एचआयव्हीची गोळी फुकट मिळते, तरी माणसं विकत का घेतात?

हिशेबनीस (धागाकर्ता)

पुण्यातल्या एका छोट्या आधार गटाचा हिशेब मी बघतो. गटातले बहुतेक जण स्वतः एचआयव्हीसह जगणारे. मी पावत्या लावतो, प्रवासखर्चाची व्हाउचरं तपासतो आणि मार्च आला की ऑडिटरला तोंड देतो. त्या पावत्यांत मेडिकलच्या दुकानांची बिलं निघतात. टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर असं तिन्ही एकत्र असलेली, टीएलडी म्हणतात ती रोजची एक गोळी. ससूनला, औंधच्या जिल्हा रुग्णालयात, पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रावर, हीच गोळी फुकट मिळते. देशात १ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधं फुकट देतंय. तरी रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई, खासगी कंपनीतला शिपाई ती महिनोन्महिने दुकानातून घेतात. पैसे संपले की गोळ्या बंद, आणि मग कुणीतरी त्यांना आमच्याकडे आणतं. तोवर बऱ्याचदा टीबी झालेला असतो.

किमतीचा मुद्दा आधी मोकळा करतो. २००० च्या सुमाराला परदेशी कंपन्यांच्या दराने तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तसंच तीन औषधांचं मिश्रण डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, आणि जगाचा बाजार हलला. हे जमलं कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट मिळत नव्हतं, ते बनवायच्या पद्धतीवर मिळायचं. २००५ मध्ये ती वाट बंद झाली, पण नव्या कायद्यात एक खिडकी राहिली: पेटंट मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. ‘कुणीही’मध्ये रुग्णही आले. इंडियन नेटवर्क फॉर पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही, दिल्ली नेटवर्क अशा संघटनांनी हरकती घेतल्या. २००६ मध्ये ग्लॅक्सो कंपनीने कॉम्बिव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचा पेटंट अर्ज मागे घेतला, २००८ मध्ये लहान मुलांच्या नेव्हिरापिन सिरपचं पेटंट नाकारलं गेलं, २००९ मध्ये टेनोफोविरचं. आजच्या टीएलडीतला ‘टी’ तो हाच. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीसंस्थेने जाहीर केलेला टीएलडीचा दर माणशी वर्षाला ४५ डॉलरच्या आत होता. दिवसाचे दहा रुपये धरा, पीएमपी बसचं सगळ्यात लहान तिकीट.

म्हणजे घाऊक भावाची लढाई बरीचशी जिंकली आहे, आणि ती जिंकण्यात रुग्णांचा वाटा मोठा आहे. दुकानातला किरकोळ भाव मात्र याच्या कितीतरी पट. तो भरणारी माणसं कोण आणि का, हा माझा प्रश्न. माझ्यापुरती उत्तरं अशी दिसतात. काहींना खासगी दवाखान्यात निदान होतं आणि फुकट सोय आहे हे कुणी सांगतच नाही. काहींना माहीत असतं, पण सरकारी रांगेत ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती असते. आणि तिसरे रोजंदारीवाले. त्यांचं साधं गणित: एक खाडा, एक दिवसाची मजुरी गेली.

आमच्यासारखे गट औषध देत नाहीत, देऊही नये. पहिल्या दिवशी सोबत जाणं, कागद जमवणं, बसभाडं देणं, तारीख चुकली की फोन करणं, यातच वर्ष जातं. इथे फार्मसीतली, दवाखान्यातली मंडळी आहेत. तुम्हाला काय दिसतं? आणि हो, ‘सरकारी गोळी हलकी असते’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर कुणा जाणकाराकडूनच हवंय.

—

औषधवाला_कोथरूड

शेवटच्या प्रश्नापासून. हलकी नसते. सरकार ज्या कंपन्यांकडून निविदा काढून घेतं त्यातल्या बऱ्याचशा कंपन्यांचा माल वेगळ्या नावाने आमच्या फळीवरही असतो. फरक इतकाच की सरकारी बाटलीवर विक्रीसाठी नाही असं छापलेलं असतं. लोकांना फुकट म्हणजे कमअस्सल वाटतं, त्याला आमच्याकडे इलाज नाही.

आता तुमच्या रिक्षावाल्याबद्दल. माझ्याकडे असे दोनचार जण ठरलेले आहेत. सगळे रात्री, शटर ओढायच्या वेळी येतात. ‘अहो, हे ससूनला फुकट मिळतं’ असं काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोर बोलायची सोय नाही. मी बिलाच्या मागे १०९७ लिहून देतो. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन, फोन फुकट, मराठीत बोलतात. काहींनी फोन केला असावा, कारण ते पुन्हा आले नाहीत. गिऱ्हाईक तुटल्याचा आनंद होतो असे हे एकमेव औषध!

एक महत्त्वाचं, कारण हे सांगायला कुणाला वेळ नसतो. डोल्युटेग्राविरबरोबर कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीची अँटासिड एकत्र घेऊ नये, गोळीचा असर कमी होतो. ही गोळी त्यांच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर. आणि टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. दुकानातून परस्पर गोळ्या घेणाऱ्याला टीबी झाला तर हा हिशेब कोण सांभाळणार?

—

खवचट_शनवारी

आमच्या करातून गोळी फुकट, तपासणी फुकट. वर ती माणसाच्या हातात ठेवायला एनजीओ, त्या एनजीओला निधी, निधीला ऑडिटर. औषध फुकट आहे हे कळल्यावरही ज्याला रांगेत उभं राहायची लाज वाटते त्याने विकत घ्यावं की. कुणी अडवलंय?

—

माजी_फील्डवाला

शनवारीकाका, गोळी बंद झाली की त्या माणसाच्या रक्तात विषाणू पुन्हा वाढतो, आणि अर्धवट गोळ्यांमुळे त्या औषधाला तो दादही देईनासा होतो. मग सेकंड लाइन, म्हणजे पुढच्या टप्प्यातली औषधं, ती महाग, तीही तुमच्याच करातून. उलट नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला की त्याच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे आता पक्कं सिद्ध झालेलं आहे. तेव्हा कराच्या भाषेत बोलायचं तरी सोबत जाणारा माणूस स्वस्तच पडतो.

मी बरीच वर्षं आउटरीचला होतो. आमचं काम म्हणजे यादी. एआरटी सेंटरवरून तारीख चुकलेल्यांची यादी यायची. निम्मे फोन बंद. जे लागायचे ते बायको उचलायची, सासू उचलायची. मग मी कधी बचत गटातून बोलतोय, कधी गॅसच्या केवायसीचं. खोटं बोलायचं नाही असं ट्रेनिंगमध्ये शिकवायचे, पण ते ट्रेनिंग देणाऱ्याने कधी सासूशी बोललेलं नसावं. घरी जायचं तर गळ्यातलं ओळखपत्र बॅगेत, बॅगेवरचा लोगो आतल्या बाजूला.

चाकण, वाघोली, हिंजवडीकडे बांधकामावरचा माणूस सहा महिन्यांत साइट बदलतो. त्याची नोंद बीड नाहीतर विदर्भात. दिवाळीला गावी गेला की बाटली घेऊन येतो, ती संपली की संपली. इथल्या सेंटरवर ट्रान्सफर करून घेता येतं हे त्याला माहीत नसतं, आणि कागदासाठी गावी जायचं तर परत चार दिवसांची मजुरी. अशा वेळी नेटवर्क कामाला येतं. तिथल्या जिल्ह्यातला आमचाच कुणी पॉझिटिव्ह कार्यकर्ता सेंटरवर जाऊन उभा राहतो, कागद मार्गी लावतो. एनएमपी प्लस ही पॉझिटिव्ह लोकांची राज्यभराची संघटना पुण्यातूनच उभी राहिली, तिचा खरा उपयोग मला तिथे कळला. बुधवार पेठेत सहेली संघ १९९८ पासून आहे, तो तर तिथल्या देहविक्री करणाऱ्या बायकांचाच. बाहेरच्या कार्यकर्त्याला जी खोली दाखवत नाहीत तिथे त्या सरळ आत जाऊन गोळ्या मोजतात.

लॉकडाऊन विसरू नका. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये बस नाही, रेल्वे नाही. तेव्हा एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली आणि गावोगावच्या संघटनांची पोरं दुचाकीवरून त्या पोचवत होती. पोलिसांना पिशवीत काय आहे ते सांगायचं नाही आणि पुढे तर जायचं. त्या काळात एकेकाने काय काय कारणं रचली, त्यावर वेगळा धागा होईल.

आणि निधीचं म्हणाल तर प्रकल्प तीन वर्षांचा, गोळी जन्माची.

—

नाव_नको_मुक्ता

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. वाचूनच जाणार होते, पण ‘लाज वाटते त्याने विकत घ्यावं’ हे वाचून राहवलं नाही.

काका, लाज माझ्यासाठी नव्हती. माझ्या मुलीच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान त्याच रुग्णालयात नोकरीला होते. मुलगी निगेटिव्ह आहे, तरी तिच्या डब्याला कुणी हात लावला नसता. नवरा गेला तेव्हा सासरी माझी भांडी वेगळी झाली होती, मला पुढचं दिसत होतं. म्हणून मी काही महिने दुकानातून गोळ्या घेतल्या. मंगळसूत्रातले मणी त्यात गेले.

नंतर गटातल्या एका ताईंनी सांगितलं, याच सेंटरला नाव घातलं पाहिजे असं कुठे आहे? दुसऱ्या सेंटरला नोंदव. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाते, दोन बस बदलते, पण तिथे मला कुणी ओळखत नाही. एवढं एक वाक्य मला ना डॉक्टरांनी सांगितलं होतं ना काउन्सेलरने. त्या ताई स्वतः गोळ्या घेतात म्हणून त्यांना ते सुचलं.

आणखी छोट्या गोष्टी, कुणाच्या उपयोगी पडतील. बाटली पर्समध्ये खुळखुळते, वर थोडा कापूस ठेवायचा. लेबल काढलं तरी चालेल, पण बाटली बदलू नका आणि आतली ओलावा शोषणारी पुडी टाकून देऊ नका, गोळी ओल धरते. आधीची एफाविरेन्झवाली गोळी रात्री घ्यावी लागायची, डोकं गरगरायचं आणि स्वप्नं इतकी भयंकर की झोपायची भीती वाटायची. टीएलडी आल्यापासून ते गेलं. वजन वाढलंय, असो. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी स्टॅव्हुडिनचे दिवस काढलेत. गाल बसायचे, पायांची आग व्हायची. चेहऱ्यावरूनच लोक ओळखायचे. त्यांच्यापुढे माझं वजन म्हणजे काहीच नाही.

—

खवचट_शनवारी

ताई, मुलीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. बाकी निधीवर माझं मत तेच आहे.

—

डॉ_सहकारनगर

फिजिशियन आहे, खासगी प्रॅक्टिस. आमच्या जमातीवर रोख आहे म्हणून लिहितो.

हो, काही जण सांगत नाहीत. काहींना माहितीच नसते, कारण २०१७ आधी सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या, ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय सरकारी गोळी सुरू होत नव्हती. आधी २००, मग ३५०, मग ५००. तेव्हा ‘तुमचं अजून बसत नाही’ म्हणून परत आलेले रुग्ण आमच्याकडे यायचे. एप्रिल २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार हे धोरण आलं. पण अनेक डॉक्टरांच्या डोक्यात जुनं वेळापत्रकच बसलंय. काही जण निव्वळ गिऱ्हाईक सोडत नाहीत, तेही नाकारत नाही.

पण उलट बाजूही आहे. माझे काही रुग्ण पूर्ण माहिती असूनही खासगीतच राहतात, त्यांना परवडतं. प्रश्न परवडत नसताना राहणाऱ्यांचा. माझा रिवाज असा आहे की पहिल्याच भेटीत सांगतो: गोळी सरकारी घ्या, बाकी काही दुखलं खुपलं तर माझ्याकडे या. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायची तपासणीही तिकडे फुकट होते, बाहेर तिला हजारो रुपये पडतात. हे अर्धं अर्धं वाटून घेणं बहुतेकांना जमतं. कर्वे रस्त्यावरच्या ‘प्रयास’ या संस्थेने खासगी डॉक्टरांना यात ओढायचा प्रयत्न केला, विशेषतः खासगी प्रसूतिगृहांत येणाऱ्या पॉझिटिव्ह बायकांच्या बाबतीत. बाळाला लागण होऊ नये म्हणून लागणारी औषधं तिथे पोचली पाहिजेत, नुसतं सरकारी रुग्णालयात असून भागत नाही, हे त्यांनी बरंच आधी ओळखलं होतं.

गुप्ततेबद्दल: २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या रुग्णालयात तो कोण, हे विचारून बघा. चेहरे पाहण्यासारखे होतात.

—

कलमबहाद्दर

त्याच कायद्याचं कलम १४ पण वाचा. उपचार पुरवण्याच्या जबाबदारीला ‘शक्य तेवढं’ असं शेपूट जोडलंय. विधेयक असताना देशभरच्या संघटनांनी यावर आरडाओरडा केला होता, की औषध हा हक्क आहे, सवड नाही. शेपूट राहिलंच. म्हणजे साठा संपला तर सरकार म्हणणार, शक्य नव्हतं.

—

माजी_फील्डवाला

संपला होताच की. २०२२ चा उन्हाळा-पावसाळा आठवा. डोल्युटेग्राविर आणि लहान मुलांची औषधं अनेक राज्यांत कमी पडली. जुलैत दिल्लीला नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात पॉझिटिव्ह लोक धरणं धरून बसले ते महिन्याहून जास्त काळ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. साठा नसला की महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मिळतात, आणि रोजंदारीवाल्याला महिन्यात चार खाडे. हिशेबनीस, तुमच्याकडे दुकानाची बिलं वाढतात ती अशा वेळी, तारखा लावून बघा.

तेव्हा आमच्याकडे उसनवारी चालायची. ज्याच्याकडे तीन महिन्यांच्या गोळ्या असत तो एक बाटली द्यायचा, साठा आला की परत घ्यायचा. नियमात बसतं का, विचारू नका.

—

हिशेबनीस (धागाकर्ता)

तारखा लावून पाहिल्या. त्या महिन्यांत बिलं वाढलेली आहेत खरी. पण टंचाई संपल्यावरही ती थोडी वरच राहिली. एकदा दुकानाची सवय लागली की माणूस परत रांगेकडे वळत नाही असं दिसतंय. कुणी यावर काम केलं असेल तर सांगा.

लहान मुलांच्या औषधांचा विषय निघाला म्हणून: विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘मानव्य’सारख्या संस्था, जिथे एचआयव्ही असलेली मुलं राहतात, त्यांना साठा तुटण्याची झळ मोठ्यांपेक्षा जास्त बसत असणार. मोठ्या माणसाला दुकान तरी आहे. मुलांच्या मात्रेची औषधं बऱ्याच दुकानांत मिळतच नाहीत.

—

औषधवाला_कोथरूड

बरोबर. मागवून द्यायची म्हटलं तरी स्टॉकिस्ट पूर्ण पेटी घ्या म्हणतो.

—

हिंजवडीचा_भाडेकरू

इथे विचारावं का कळत नाही, पण विचारतो. जवळच्या नात्यातला माणूस आहे, सोलापूरला नोंद आहे, नोकरीमुळे इकडे आलाय. दर महिन्याला एसटीने जातो. खाडा चालत नाही म्हणून या खेपेला जाणं झालं नाही. शिल्लक आठवड्याच्या गोळ्या आहेत. नवीन औषध, इंजेक्शन वगैरे काही आलंय म्हणतात, ते इथे मिळतं का?

—

माजी_फील्डवाला

आधी गोळ्या. बाटली संपायची वाट बघू नका, या आठवड्यातच त्याचं हिरवं पुस्तक घेऊन जवळच्या एआरटी सेंटरला पाठवा. वायसीएम किंवा औंध त्याला सोयीचं. पुस्तकात औषधाचं नाव, शेवटची तारीख, नोंदणी क्रमांक सगळं असतं. तिथे सांगायचं, गोळ्या संपतायत, सोलापूरहून ट्रान्सफर करायचंय. पुस्तक गावी राहिलं असेल तर फोटो मागवा. पहिल्या वेळी एकट्याला पाठवू नका, कुणी तरी बरोबर असेल तर माणूस अर्ध्यातून परत येत नाही. कुणी नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

एसटीचं म्हणाल तर साध्या गाडीत एचआयव्ही असलेल्यांना मोफत प्रवासाची सवलत आहे. पण कंडक्टरला कार्ड दाखवायचं म्हणजे सगळ्या गाडीला दाखवायचं. मी ती वापरणारे फार थोडे पाहिले. संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्ही असलेले बसतात, त्याचा अर्ज तलाठी आणि तहसीलमधून जातो. गाव लहान असेल तर तिथेही तीच पंचाईत.

—

डॉ_सहकारनगर

इंजेक्शनबद्दल. तुम्ही लेनाकापाविरबद्दल ऐकलं असेल, सहा महिन्यांतून एकदा. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती लागण टाळण्यासाठी. तुमच्या नातेवाइकाने त्याच्या आशेवर गोळी थांबवू नये, एवढं त्याला ठासून सांगा. मूळ कंपनीने २०२४ मध्ये सहा जेनेरिक कंपन्यांना परवाना दिला, त्यात पुण्याची एमक्युअरही आहे. २०२७ पासून जेनेरिक वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देण्याचे करार जाहीर झालेत. आपल्या सरकारी कार्यक्रमात ते कधी येईल ते आज सांगता येत नाही.

—

हिशेबनीस (धागाकर्ता)

आमच्या गटात एक प्रस्ताव आहे, त्यावर मत हवंय. दुकानाचं बिल फक्त एका महिन्याचं द्यायचं, तेही माणूस आमच्याबरोबर सेंटरला येऊन नोंद करणार असेल तरच. नाहीतर हा खर्च कधी थांबणार नाही, आणि मला तो ऑडिटरला समजावता येत नाही.

—

नाव_नको_मुक्ता

अट घालू नका. मला तेव्हा ही अट कुणी घातली असती तर मी परत आलेच नसते. एका महिन्याचे पैसे द्या, आणि त्याच वेळी विचारा की कोणत्या सेंटरला तुम्हाला कुणी ओळखत नाही. बसभाडं तिथवरचं द्या. ते दुकानाच्या बिलापेक्षा कमीच पडेल.

—

हिशेबनीस (धागाकर्ता)

लांबच्या सेंटरचं बसभाडं आमच्या नियमात बसत नाही, ‘नजीकचे केंद्र’ असा शब्द आहे. रविवारच्या बैठकीत तो काढायचा ठराव मांडतो. हिंजवडीकर, तुमचा माणूस गेला की इथे कळवा.

—

हिंजवडीचा_भाडेकरू

फील्डवाले, व्यनि केलाय. गुरुवारी सकाळी औंधला जायचं ठरलंय, त्याला कामावर अर्धा दिवस मिळतोय. पुस्तकाचा फोटो सोलापूरहून आलाय.